गच्चीवरचं हवामान खातं

"उचला! उचला सगळं! पाऊस येतोय!"

आमचे हे जिन्यातून ओरडत वर आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. गच्चीवर आम्ही बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका कुरडया घालत होतो. सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलेलं, चुलीवर चिकाचं पातेलं रटरटत होतं, रत्नाक्का सोऱ्या दाबत होत्या आणि प्लॅस्टिकच्या कागदांवर ओल्या, पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगाच्या रांगा लागल्या होत्या. एप्रिल महिना. वर निळंभोर आकाश.

"काय म्हणता भाऊजी?" वैजू म्हणाली. "अहो, ढगाचा ठिपका नाही कुठं!"

"आकाशाकडं बघू नका, वहिनी! खाली मोबाइलवर यंत्राची आर्द्रता बघता बघता ब्याण्णववर गेलीय. आत्ता कोसळेल. उचला म्हणतो ना!"

आता तुम्ही म्हणाल, एवढं स्वच्छ आकाश असताना बायकांनी ऐकलं कसं? तर आदल्या आठवड्यातच ह्यांनी 'दुपारी वारं सुटेल' म्हणून सांगितलं होतं आणि खरंच सुटलं होतं. त्यामुळं वैजूचे पापड शेजारच्या गोठ्यात जायचे वाचले होते. शिवाय वाळवणाच्या दिवसांत बाईच्या कानावर 'पाऊस' हा शब्द पडला की ती आधी उचलते आणि मग वर बघते. झालं! जिच्या हाताला जो कागद लागला तो तिनं गोळा केला. ओली कुरडई म्हणजे तान्हं बाळ, घातल्यावर तिला हलवायचं नसतं. आम्ही तर कागदाच्या चारही टोकांना धरून तिचं गाठोडं केलं. जिन्यावरच्या खोलीत सगळी गाठोडी टाकून आम्ही दारात उभ्या राहिलो, धापा टाकत, पावसाची वाट बघत.

पाऊस कसला येतोय! एक कावळा आला, टाकीवर बसला आणि उडून गेला.

मग रत्नाक्कांची नजर चुलीकडं गेली. वाऱ्यानं विझू नये म्हणून आम्ही चूल जिन्याच्या खोलीच्या आडोशाला मांडली होती. आणि त्याच आडोशाला, सावली मिळावी म्हणून, ह्यांनी आपला तो हवामान मोजायच्या यंत्राचा मनोरा उभा केला होता. चिकाच्या पातेल्यातून वाफेचा लोट उठत होता आणि सरळ त्या मनोऱ्यात शिरत होता.

"भाऊजी," रत्नाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा पाऊस माझ्या पातेल्यात शिजतोय."

रत्नाक्का म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमन. नवरा वारल्यावर दोन मुलं एकटीनं वाढवलेली बाई. आवाज असा, की रस्त्यावरचा भाजीवाला आधी भाव कमी करायचा आणि मग आमच्या बिल्डिंगखाली हाक द्यायचा. त्या बोलल्या आणि अख्खी गच्ची हसायला लागली. हसली नाही ती फक्त वैजू. कारण ते वाळवण तिच्या लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नाचं होतं, रुखवतात मांडायचं. तिनं एक गाठोडं सोडून बघितलं. आत कुरडई कसली, लगदा होता.

मी ह्यांच्याकडं बघितलं. कुणी थोबाडीत मारावी तसा चेहरा झाला होता. ते खाली गेले. एका पायात चप्पल घालूनच.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही बार्शीचे, अजूनही त्याच बिल्डिंगमध्ये राहतो. पण ते यंत्र घरात कसं आलं आणि ते राहणं माझ्यासाठी का एवढं महत्त्वाचं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे, मल्लिनाथराव, टेलिफोनच्या ऑफिसात तारा जोडायचे. बार्शीत कुणाचाही फोन बंद पडला की आधी ह्यांचं नाव निघायचं. लोक हातातला घास ठेवून ह्यांच्यासाठी दार उघडायचे. मग मोबाइल आले आणि तारांना कुणी विचारेना. ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता त्यात 'स्वेच्छा' कुणाची होती हे विचारू नका.

पहिले दोन महिने बरे गेले. घरातले सगळे पंखे दुरुस्त झाले, नादुरुस्त नसलेलेसुद्धा. मग दुरुस्तीला काही उरलं नाही आणि माणूस पलंगावर आडवा झाला तो झालाच. भिंतीकडं तोंड करून पडायचे. हाक मारली तर 'हं' म्हणायचे. ताटात वाढलं ते खायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. आयुष्यभर ह्यांच्या मागण्यांना मी वैतागलेली बाई. चटणी कुठाय, टॉवेल कुठाय, माझा पाना कुणी घेतला! आणि आता ह्यांनी काही मागावं म्हणून मी मुद्दाम आमटीत मीठ घालायची नाही. तर तशीच प्यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण झोप तर आधीच भरपूर होती! मी देवाला काय काय बोलले ते देवालाच माहीत.

एक दिवस मी पेपर वाचत होते. मुद्दाम मोठ्यानं वाचायची, तेवढाच घरात आवाज. "सोलापूरचं कालचं तापमान एक्केचाळीस," मी म्हटलं.

"बार्शीचं किती?" भिंतीकडून आवाज आला.

"बार्शीचं कोण छापतंय?"

"म्हणजे आपल्याकडं किती ऊन पडतं, हे कुणालाच माहीत नाही?"

"ऊन पडतं ना, बास झालं की! मोजून काय त्याची भाजी करायची?"

ह्यांनी कूस बदलली. माझ्याकडं तोंड केलं. मला वाटलं आता पाणी मागतील. मागितलं नाही. पण संध्याकाळी उठले, जुना मोबाइल घेऊन बसले आणि हवामान मोजायचं यंत्र घरी कसं करतात त्याचे व्हिडिओ बघायला लागले.

मग कुरिअरवाला यायला लागला. नखाएवढ्या चकत्या, केसासारख्या वायरी, काड्यापेटीएवढा पडदा. त्याचे किती पडले हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग मला भांडावं लागलं असतं. पण घरातून काय काय गेलं ते मला चांगलं आठवतंय. हॉलमधल्या पडद्याचा रॉड गेला, त्याचा खांब झाला. तेल ओतायचं नरसाळं गेलं, त्याचं पर्जन्यमापक झालं. पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून वारा मोजायचं चक्र झालं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी हौसेनं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या आणून ठेवल्या होत्या. ऐन हळदीकुंकवाच्या दिवशी कपाट उघडते तर ताटल्या गायब!

"अहो, माझं वाण कुठाय?"

"वर आहे," हे म्हणाले.

वर जाऊन बघते तर प्रत्येक ताटलीला मधोमध भोक पाडलेलं, आणि सगळ्या एकावर एक, मध्ये फट ठेवून, लांब स्क्रूवर ओवलेल्या. इडलीपात्र असावं तसं. म्हणे, आतल्या मापकाला वारा लागला पाहिजे पण ऊन लागता कामा नये, त्याला पांढऱ्या ताटल्यांसारखं दुसरं काही नाही. माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी वाण म्हणून काडेपेट्या वाटल्या. बायका अजून काढतात तो विषय.

मी आकांडतांडव केलं. सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. तसंही मी नवऱ्याचं ऐकत नाही, ही आमच्या बिल्डिंगमधली जाहीर गोष्ट होती. पण रात्री ताटं घासताना मला आतून असं काही भरून येत होतं, की सांगता येत नाही. कारण माणूस जिने चढत होता. दिवसातून दहा वेळा वर-खाली करत होता. गच्चीवरून आला की भूक लागायची. आंघोळीला जाताना गुणगुणायचा. माझ्या ताटल्या काय, घरातलं भांडं न् भांडं नेलं असतं तरी चाललं असतं मला. पण हे तोंडावर बोलून दाखवेन तर मी महानंदा कसली!

आणि त्या माणसाचं अख्ख्या गच्चीसमोर असं हसं झालं होतं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये ह्यांचं नाव 'हवामान खातं' पडलं. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय हवामान खातं, आज छत्री घेऊ का?" आधी आधी हे कसनुसं हसायचे. मग जिन्यात कुणी आहे का ते बघून दार उघडायला लागले.

शेवटी रत्नाक्का आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यातूनच बोलल्या. ते मला जास्त लागलं.

"भाऊजी, राग मानू नका. वैजूनं पुन्हा गहू भिजवलाय. लग्न तोंडावर आलंय, आता तिसऱ्यांदा भिजवायला वेळ नाही. चुलीला आडोशाचीच जागा लागते. रविवारपर्यंत तुमचं ते यंत्र तेवढं उतरवून घ्या."

मी तोंड उघडणार होते, पण हे आधीच म्हणाले, "बरं."

नुसतं 'बरं'. भांडण नाही, वाद नाही. त्या 'बरं'नं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मी बोलू का अक्कांशी?" त्या गेल्यावर मी विचारलं.

"नको."

"अहो, पण चूक काय तुमची? वाफ गेली आत, त्याला..."

"नंदा, राहू दे ना," असं म्हणून हे पलंगावर जाऊन पडले. भिंतीकडं तोंड करून.

मला रडूच फुटलं. वर्षभर ओढून ओढून काठावर आणलेला माणूस पुन्हा बुडाला तर त्याला दुसऱ्यांदा कशानं बाहेर काढायचं? पुन्हा ताटल्या कुठून आणायच्या नव्हे, पुन्हा ती इच्छा कुठून आणायची? ते यंत्र गच्चीवरून उतरलं की माझा नवरा पलंगावरून उठायचा नाही, एवढं मला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी वैजूच्या कुरडया पुन्हा घातल्या. यंत्र अजून जागेवरच होतं, म्हणून ह्या वेळी चूल दुसऱ्या टोकाला, विटांचा आडोसा करून मांडली. कुरडया अशा झकास उतरल्या की वैजूनं प्रत्येक कागदाची दृष्ट काढली. रविवारी ऊन कडक होतं, म्हणून बाकीच्यांनीही आपापलं वर आणलं. कुणाचे बटाट्याचे कीस, कुणाच्या साबुदाण्याच्या चकल्या, रत्नाक्कांचे सांडगे. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

जेवणं झाली, आडवं पडून झालं, आणि आम्ही बायका कुरडया उलटायला वर गेलो. थोड्या वेळानं हे आले. हातात पाना आणि पेचकस. कुणाकडं न बघता मनोऱ्यापाशी गेले आणि उकिडवे बसले.

"भाऊजी, सावकाश काढा हां," रत्नाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मऊ होता. मनानं बाई वाईट नाही हो.

मी कुरडया उलटत होते पण माझं सगळं लक्ष ह्यांच्याकडं. एक स्क्रू काढला, शर्टाच्या खिशात टाकला. दुसरा काढला. मग खालच्या डब्याचं झाकण उघडलं, आतला छोटा पडदा दिसला, आणि ह्यांचा हात थांबला.

हे पडद्याकडं बघत बसले. मग उजव्या कानाची पाळी चोळायला लागले.

इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांची ती सवय पाठ झालीय. काही खरं ठाऊक असतं आणि बोलायचं नसतं, तेव्हा माणूस कानाची पाळी चोळतो. माझ्या माहेरचा दागिना हरवला आणि ह्यांच्या बहिणीवर संशय होता, तेव्हासुद्धा चोळत होते. मी उठून जवळ गेले.

"काय झालं?"

"काही नाही."

"पाळी सोडा आणि बोला. काय दिसतंय त्यात?"

"अगं, काही नाही. दाब उतरलाय."

"कुणाचा? तुमचा?" मी घाबरलेच.

"हवेचा." हे हळू आवाजात बोलले, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "दुपारी रोज थोडा उतरतो आणि मग थांबतो. आज थांबला नाही. अजून उतरतोय. वारं बघ, दुपारपर्यंत पश्चिमेचं होतं, आता पानसुद्धा हलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वळीव असेल. जोराचा."

मी पश्चिमेला बघितलं. पण पश्चिमेला काय दिसणार, कपाळ! तिकडं नवी सहा मजली बिल्डिंग उठली होती, तिनं अर्धं आकाश खाल्लं होतं. डोक्यावर मात्र ऊन रणरणत होतं.

"आणि पुन्हा वाफ असली तर?"

"वाफेनं आर्द्रता फसते. दाबाला वाफेचं काही देणंघेणं नसतं. दाब नाही फसत."

"मग सांगा की बायकांना!"

"मी नाही सांगणार." त्यांनी तिसऱ्या स्क्रूला पेचकस लावला. "एकदा सांगितलं ते पुष्कळ झालं."

"वैजूच्या कुरडया..."

"नंदा, मी नाही सांगणार. चुकलो तर? आताच्या अर्धवट वाळल्यात, उचलल्या की मोडतील. त्या पोरीचं रुखवत दुसऱ्यांदा माझ्या हातून जायला नको."

खरं सांगते, मला त्या दाबातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ह्यांचा हात बघितला. स्क्रूला लावलेला पेचकस फिरत नव्हता आणि डोळे पुन्हा पुन्हा त्या पडद्याकडं जात होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते गिळून बसला होता. उद्यापासून तो सगळंच गिळून बसणार होता.

मी पदर खोचला आणि गच्चीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"बायांनो, उचला सगळं. पाऊस येतोय."

वैजूच्या जावेनं फिस्सकन हसून घेतलं. "काय हो नंदावहिनी, तुम्हीपण हवामान खात्यात लागला?"

"हो, लागले," मी म्हटलं. "वैजू, कागद चारी बाजूंनी अलगद धरायचा. गाठोडं करायचं नाही. चौघी चौघी धरू."

"पण वहिनी," वैजू रडवेली झाली, "आकाश बघा ना! मागच्या वेळी पण असंच..."

"मागच्या वेळी ह्यांनी सांगितलं होतं. आज मी सांगतेय. नाही आला पाऊस तर तुझ्या लेकीचं सगळं रुखवत मी माझ्या हातानं करून देईन, आणि पुन्हा ह्या गच्चीवर पाऊल ठेवणार नाही."

तरी कुणी हलेना. मी एकटीनंच एका कागदाची दोन टोकं धरली. तेवढ्यात रत्नाक्कांनी हातातला सांडग्यांचा कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं टक लावून बघितलं.

"उचला गं," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हीसुद्धा?"

"अगं, ही नंदा! लग्न झाल्यापासून नवऱ्याचं एक ऐकलं नाही हिनं. त्यांनी पूर्व म्हटलं की ही पश्चिमेला जाते. ती आज त्यांच्या शब्दावर आपली अब्रू लावतीय. काहीतरी असल्याशिवाय? बघता काय, धरा टोकं!"

मग काय विचारता! चौघी चौघींनी कागद धरले आणि वरातीत शालू मिरवावा तसे जिन्याच्या खोलीत नेले. कुरडया खाटेवर, सांडगे पत्र्याच्या पेटीवर, कीस कुणाच्या तरी नऊवारीत. निम्म्याहून जास्त आत गेलं तरी ऊन तसंच होतं. वैजूची जाऊ पुन्हा कुजबुजायला लागली. मी कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते. ह्यांच्याकडं तर नाहीच. हे मनोऱ्यापाशी उभे होते, पुतळ्यासारखे, आणि आम्ही काय करतोय ते बघत होते.

शेवटचा कागद उचलला आणि त्या सहा मजली बिल्डिंगच्या डोक्यावरून काळंभोर काहीतरी पुढं सरकलं.

आधी वारं आलं. धूळ अशी, की समोरची टाकी दिसेना. मग टप्पोरे चार थेंब, आणि मग गारा! पत्र्यावर कुणी पोतंभर हरभरे ओतावेत तसा आवाज. आम्ही जिन्याच्या खोलीत एकमेकींना चिकटून उभ्या, मध्ये कुरडया, आणि वैजू मोठमोठ्यानं हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "एक पण नाही मोडली, वहिनी! एक पण नाही!" असं म्हणून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. सगळ्यात शेवटी हे धावत आत आले, ओलेचिंब, डोक्यावर एक गार बसलेली.

"लागलं?" मी विचारलं.

"किती मिलिमीटर झाला ते बघायला पाहिजे," हे म्हणाले.

आला तसा पाऊस झटकन गेला. आम्ही सगळ्या बाहेर आलो. गच्चीवर गारांचा पांढरा सडा पडला होता. वारा मोजायचं चक्र मोडून कुठं उडालं ते दिसत नव्हतं. ताटल्यांचा मनोरा मात्र दोन स्क्रूंवर तिरका का होईना, उभा होता. हे पुन्हा त्याच्यापाशी जाऊन बसले आणि गारांमध्ये पाना चाचपडायला लागले.

रत्नाक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, झालं गेलं गंगेला मिळालं. मी चेअरमन म्हणून सांगते. हे यंत्र आता काढायचं नाही."

"काढायचं," हे म्हणाले.

एवढं सगळं होऊनही?

"अहो, असं काय करता?" मी पुढं झाले. "अक्का स्वतः म्हणतायत ना..."

"काढायचंच." ह्यांनी पाना उचलला आणि सरळ उभे राहिले. "जागाच चुकलीय. इथं भिंत तापते, वाफ कोंडते. पहिल्या दिवसापासून चुकलोय मी. ते तिथं पाहिजे."

आणि त्यांनी पाना रोखला तो गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यावर.

तो कोपरा म्हणजे रत्नाक्कांचं राज्य. सकाळचं पहिलं ऊन तिथं, संध्याकाळचं शेवटचं ऊन तिथं. बिल्डिंग बांधली तेव्हापासून तिथं दुसऱ्या कुणी साधा रुमाल वाळत घातला नव्हता. बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या.

"तिथं?" रत्नाक्का म्हणाल्या. "तिथं माझं वाळवण असतं."

"माहिती आहे. म्हणून तर म्हणतोय. अख्ख्या गच्चीत तेवढीच जागा चांगली आहे. ती मला द्या."

"द्या?"

"हो. आणि नुसती जागा नको. वाऱ्याचं चक्र गेलं, आता नवं बसवायला उंच पाईप लागेल, तो सोसायटीनं द्यावा. आणि त्या बाजूला कुणी चूल मांडायची नाही."

मी आ वासून बघत राहिले. वर्षभर ह्या माणसानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. घोटभर पाणीसुद्धा. आणि आज मागतोय तर काय मागतोय, आणि कुणाकडं!

"अर्धी जागा देईन," रत्नाक्का म्हणाल्या.

"अर्ध्या जागेत अर्धं वारं येत नाही, अक्का."

"आणि माझ्या सांडग्यांवर सावली पडेल त्याचं काय?"

"पडेल. थोडी पडेल. सांडगे सरकवायचे."

"मी सरकवू? माझ्या कोपऱ्यातून? ऐकलंत का गं, काय म्हणतायत हे!"

"चहा ठेवते," असं काहीतरी पुटपुटून मी जिन्यात आले. पण स्वयंपाकघरापर्यंत पोचलेच नाही. मधल्याच पायरीवर बसले, पदर तोंडात धरला आणि मनसोक्त रडून घेतलं. वरून दोघांचे आवाज चढतच होते. पाईप किती उंचीचा यावर आता गाडी आली होती. हे एक सांगत होते, रत्नाक्का दुसरंच सांगत होत्या, आणि हे मागं हटायला तयार नव्हते. आवाज कसला खणखणीत लागला होता!

वैजू धडधडत जिना उतरत आली आणि मला बघून थबकली.

"अगं बाई, वहिनी, तुम्ही रडताय होय इथं? चला ना वर! भाऊजी अजिबात ऐकेनात, अक्का पण पेटल्यात. चांगलंच भांडण लागलंय, सोडवा ना!"

"नको गं," मी डोळे पुसत म्हटलं. "भांडू दे त्यांना."